साडेसात कोयते

मैत्रिणींनो, आज सातवीचे सहामाहीचे गुण ऑनलाइन भरत होते. आमची शाळा चौसाळ्याजवळच्या गावात, जिल्हा परिषदेची. पटावर एकतीस, आज हजर चौदा. बाकीची बहुतेक आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलीत.

ऋतुजा मात्र चुलतीकडे राहणार होती. गणितात वर्गात पहिली. आठवडाभर आली नाही, म्हणून चुलतीला फोन केला.

"आता न्हाई यायची ती, बाई. तिचा कोयता झाला."

आमच्याकडे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. ऋतुजा तेरा वर्षांची आहे.

मी "बरं" म्हणाले. खरंच, एवढंच म्हणाले. अशा वेळी कुणाला कळवायचं याचं प्रशिक्षण झालंय माझं. चाइल्डलाइनचा तो नंबर वर्गाच्या भिंतीवर मीच चिकटवलाय.

मग तिच्या नावापुढे गैरहजेरीचं कारण निवडायचं होतं. आजारी, स्थलांतरित, इतर. मी 'स्थलांतरित' निवडलं. लगेच पुढचं नाव आलं. तुमच्याकडे आणखी एखादा पर्याय दिसतो का हो?

जुलैमध्ये मी फळ्यावर गणित घातलं होतं: टोळीत पंधरा माणसं, तर कोयते किती? सगळा वर्ग ओरडला, "साडेसात!"

ऋतुजा एकटी उभी राहिली. "अर्धा कोयता मुकादम नेत न्हाई, बाई. एकाचं लगीन लावावं लागतंय."

वर्ग हसला. मीही हसले, तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

कुणाचं लगीन, हे मी तेव्हा का विचारलं नाही?