फ्रीव्हीलमध्ये ठासलेलं ग्रीस

पनवेलच्या बाजारात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास शटर अर्धं वर केलं आणि मुलीचा फोन आला. युरोपच्या अगदी वरच्या टोकाला, जिथं चार-चार महिने बर्फ हटत नाही अशा शहरात ती राहते. तिकडच्या एका वृद्धाश्रमात नोकरी करते. तिच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच झाले होते आणि सहाला तिची कामाची पाळी सुरू व्हायची होती.

"बाबा, पॅडल फिरतंय, पण चाक फिरत नाहीये."

मागच्या चाकाचं फ्रीव्हील, म्हणजे साखळी जिच्यावरून फिरते ती दातेरी चकती, मीच दिलेलं होतं.

आम्ही मूळचे मिठागरवाले. माझा बाप रोज सायकलनं मिठागरावर जायचा. खाऱ्या पाण्यात सायकल महिन्याभरात गंजून जाते, म्हणून आमच्याकडे फ्रीव्हील उघडून आत जाड ग्रीस ठासून भरायची पद्धत. आत बारीक खटके असतात. पॅडल मारलं की ते दात्यात अडकतात आणि चाक ओढतात. त्यांना मीठ लागता कामा नये. बापानं मला पहिलं काम शिकवलं ते हेच. आजही मिठागरावरची माणसं सायकल माझ्याकडेच आणतात, त्याचा मला भारी तोरा.

दिवाळीत मुलगी आली तेव्हा सहज म्हणाली, तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ म्हटल्यावर मी ताडकन उठलो. "अगं, मग मिठाचं मला काय सांगतेस!" नवं फ्रीव्हील उघडलं, बोटानं ग्रीस दाबून दाबून भरलं आणि तिच्या बॅगेत टाकलं. तिकडे गेल्यावर तिनं ते सायकलला बसवून घेतलं. ती सांगत होती की तिकडे बर्फ पडला की गाड्यांच्या आधी सायकलचा रस्ता साफ करतात, शाळेची पोरं जातात, सत्तरीच्या म्हाताऱ्याही जातात. मी हसण्यावारी नेलं. पळस्प्याच्या नाक्यावर सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा म्हटलं तरी माणूस जीव मुठीत धरतो, आणि ही मला म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगते!

"अगोदर चांगली चालत होती ना?" मी फोनवर ओरडलो.

"काल रात्रीपासून थंडी एकदम वाढलीय. ऊबदार तळघरातून सायकल काढली तेव्हा ठीक होती. उतारावर पाय थांबवले आणि मग पकडच गेली."

माझ्या लक्षात आलं. ग्रीस दगड झालं होतं. खटके त्यात रुतून बसले होते. बाहेर येणार कसे?

"चालत जा मग!"

"पाऊण तास लागेल. बस सातला आहे. बाबा, मागच्या आठवड्यात उशीर झाला तेव्हाच वृद्धाश्रमाच्या बाईंनी बजावलंय, परत झाला तर येऊ नकोस. नोकरी गेली तर राहायचा परवानाही जाईल." तिचे दात वाजत होते, ते मला इथं ऐकू येत होतं.

"रॉकेल ओत त्यात, रॉकेल!"

"इथं रॉकेल कुठून आणू रे, बाबा?" आणि ती रडायला लागली.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या सायकली सुधारल्या आणि पोटच्या पोरीची सायकल माझ्याच हातानं बाद केली. घर दुकानाच्या वरच आहे. माझा आरडाओरडा ऐकून बायको धावत खाली आली. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यावरच खेकसली, "तिच्याकडं थर्मासमधी चा हाय ना? थिजलेलं तूप आपन काय करतो? तुमी नुसते वरडताव!"

"चहा ओत," मी फोनवर म्हणालो. "सगळा. दात्यांच्या आत जाऊ दे. आणि लगेच बस. एकदा पकड आली की पाय थांबवायचे नाहीत. उतारावर नाही, वळणावर नाही. थांबलीस की गेलं."

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग खट्ट झालं. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

"लागलं, बाबा!"

"मार! थांबू नकोस! मार!"

फोन तिच्या खिशात होता. बर्फावर टायर करकरत होते आणि ती धापा टाकत होती. शटरपाशी उभी असलेली गिऱ्हाइकं मला वेड लागल्यासारखं माझ्याकडे बघत होती. बघू देत, म्हटलं. मध्येच ती ओरडली, "बाबा, पुढे बर्फ काढायची गाडी चाललीय, सायकलच्या रस्त्यावरून! रस्ता एकदम मोकळा!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी पोर कामावर पोचावी म्हणून ते अख्खं परकं शहर पहाटे राबत होतं. आडवा आलो होतो तो मीच.

आणि फोन कट झाला.

परत लावला. लागेना. बायको पायरीवर बसून राहिली. मी हातात पाना घेऊन उगाच उभा होतो. त्या अर्ध्या तासात मी देवाला काय काय कबूल केलं, ते माझं मलाच आठवत नाही.

शेवटी मेसेज आला. "पोचले. दोन मिनिटं आधी. थंडीनं फोन बंद पडला होता. हाताची बोटं बधिर झालीत." बायकोनं तोंडाला पदर लावला.

मागोमाग दुसरा आला. "सायकल बाहेरच ठेवावी लागते. दोनला सुटेन. परत येताना काय करू?"

मी उत्तर लिहायला घेतलं. गरम पाणी घे, लिहिलं आणि खोडलं. घरी जाऊन ते ग्रीस धुऊन टाक, लिहिलं आणि तेही खोडलं. मग विचारलं, "तिकडे थंडी किती असते गं?"

ती तिकडे गेल्याला तीन वर्षं झाली होती. हे मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो.