डेस्क नावाचा लेखक

कंपनी विकली गेली की मोठ्या लोकांचं काय झालं ते पेपरात येतं. आमच्यासारख्या घरी बसून लिहिणाऱ्यांचं काय झालं ते कुठंच येत नाही, नुसतं साचत जातं. वर्षभरात माझ्याकडं इतकं साचलंय की आता उपसलंच पाहिजे.

आम्ही तिघं. मी नेरळचा, सातवीत शाळा सोडलेला, खोड्या काढण्यात मात्र पहिला नंबर. खालापूरचे याकूबभाई एसटीतले रिटायर मेकॅनिक, जुन्या पायवाटांवर लिहितात. आणि पोशीरची विमल, ती घरच्या रांधण्यावर लिहिते. कर्जतच्या एक बाई मराठी साईट चालवायच्या, तिथं आम्ही लिहायचो. पगार नाही, रजा नाही, पण लेखाखाली नाव ठसठशीत.

विमलला त्या नावाचंच अप्रूप. गावात ती दगडूची बायको, नाहीतर सोन्याची आई. मला एकदा म्हणाली, "नाना, माजं नाव रेशनकार्डावर हाय नि साईटवर हाय. तिसरीकडं नाय."

बाईंना साईट झेपेना. त्यांनी ती एका मोठ्या कंपनीला विकली, आणि तिथून आमच्या डोक्याला ताप सुरू झाला.

*

पहिली ऑनलाइन मीटिंग. कंपनीच्या मॅडम गोड हसून म्हणाल्या की आता आपण सगळे एकच कुटुंब आहोत. याकूबभाईंनी माईक चालू केला आणि शांतपणे विचारलं, "कुटुंब हाय तर वाटणी कधी, मॅडम?"

मीटिंग तिथंच संपली. नेटवर्क गेलं म्हणे.

*

मग हुकूम आला, प्रत्येक लेखकानं मोबाईलसमोर बसून दोन्ही डोळे मिचकावायचे. लिहिणारा खरा माणूस आहे की नाही ते अॅप तपासणार. याकूबभाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, एका डोळ्यावर पट्टी. ते बिचारे उरलेला डोळा मिचकावत बसले. तीनदा उत्तर आलं, "तुम्ही माणूस असल्याची खात्री पटत नाही."

वैतागून त्यांनी मोबाईल नेऊन बायकोला दाखवला. भाभींनी कांदा चिरता चिरता वाचलं आणि म्हणाल्या, "इतक्या लांबनं वळाकलं त्यांनी तुमाला."

*

विमलनं वालाच्या बिरड्यावर सरळसाधा लेख लिहिला होता. कंपनीनं वर मथळा टाकला, 'ही भाजी खाल्ली की नवरा दुसरीकडे बघणार नाही'. दुसऱ्या दिवशी दगडू डेअरीवर दूध घालायला गेला, तर रांगेतला एकजण म्हणतो, "काय रं दगडू, पयला कुठं बघायचास?"

आठ दिवस त्या घरात बिरडं शिजलं नाही.

*

इथवर हसत होतो. मग एका सकाळी बघतो तर सगळ्या जुन्या लेखांखालची नावं गेलेली. प्रत्येक लेखाखाली एकच ओळ, 'लेखन: डेस्क'. विमलनं कंपनीला चार मेल केल्या. उत्तर आलं की तुम्ही मोबाईलवर 'मान्य आहे' दाबलं होतं, त्यात हे सगळं आलं.

तिनं मला फोन करून विचारलं, डेस्क म्हणजे कोण. मी म्हटलं, टेबल. ती म्हणाली, "टेबलानं माज्या सासूचं बिरडं लिवलं?"

मला चेष्टा सुचली नाही. असं क्वचित होतं.

*

पण माझ्यासारखा माणूस गप्प किती दिवस बसणार? माझ्या आजोबांवरचा जुनाच लेख, दोन ओळी बदलून, मी मुद्दाम परत पाठवला. अॅपनं नाकारला. कारण, 'हा मजकूर डेस्क यांच्या लेखातून चोरलेला आहे.'

मी पत्र लिहिलं. "आदरणीय डेस्कसाहेब, माझे आजोबा झोपेत शिव्या द्यायचे हे आपणांस कसे कळले? आपण आमच्याकडे मुक्कामाला होता काय?"

उत्तर आलं, "आपल्या प्रतिसादाबद्दल आभार. असेच वाचत राहा."

*

थंडीत कंपनीचं शूटिंग कळंबच्या एका रिसॉर्टवर ठरलं. विषय पोपटी. म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी भरायची, तोंड पाल्यानं बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. कॅमेऱ्यापुढं मुंबईहून आणलेली नऊवारीतली मुलगी. मागं काम करायला रिसॉर्टवाल्यानं गावातली बाई बोलावली, ती नेमकी विमल. कोणी तिला नाव विचारलं नाही. गंमत बघायला मीही गेलो होतो.

मुलगी पाठ केलेलं बोलू लागली आणि विमलनं माझ्याकडं बघितलं. शब्द न् शब्द तिच्या पोपटीवरच्या जुन्या लेखातला. तिनं मडकं भरलं, जाळ केला आणि बाजूला जाऊन बसली.

थोड्या वेळानं शूटिंगवाला साहेब अस्वस्थ झाला. मडकं लवकर काढलं तर शेंगा कच्च्या, उशीर झाला तर कोळसा, आणि दुसरं मडकं नव्हतंच. त्यानं विचारलं, "मावशी, झालं का?"

"कुनी लिवलंय त्याला इचारा," विमल म्हणाली.

त्यानं मुलीच्या बोलण्याचा कागद उलटापालटा केला. कागदावर डेस्क. वैतागून त्यानं ऑफिसला फोन लावला, आम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तिकडं कोणीतरी जुन्या याद्या शोधून मूळ लेखिकेचा नंबर काढला. तोवर मडक्यातून करपल्याचा वास यायला लागला होता. त्यानं घाईघाईनं नंबर फिरवला.

तीन हातांवर विमलच्या कमरेचा फोन वाजला. तिनं पदराला हात पुसले, फोन कानाला लावला आणि साहेबाकडं बघत म्हणाली,

"हां, बोला. विमल दगडू भोईर बोलतेय."