असियामा मास्टरचं घट्ट पेडल

सुआमेच्या गॅरेजवस्तीत गाड्या दुरुस्त करणारे ढिगानं आहेत, पण ब्रेक म्हटला की असियामाच. त्याच्या शेजारी माझं वेल्डिंगचं दुकान. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला तो गाडीखाली शिरायचा आणि पेडल दाबायला मला बसवायचा. "दाब. धरून ठेव. सोड." तेलातले बुडबुडे थांबेपर्यंत माझ्या पोटऱ्या भरून यायच्या. पेडल पायाला टणक लागल्याशिवाय तो गाडी सोडायचा नाही.

डाबो स्टँडवरची ट्रोट्रो, म्हणजे शेअरची प्रवासी गाडी, चालवायचा; तिचं पेडल म्हणजे चिखल. तीनदा पंप केलं की गाडी थांबायची, तीही मनात आलं तर. असियामानं ते घट्ट करून दिलं. दुसऱ्याच दिवशी डाबो तणतणत हजर.

"मास्टर, गाडीची वाट लावलीत. सवयीनं पाय मारला तर टोमॅटोवाल्या बाया सगळ्या माझ्या मानेवर. म्हणतात, याला गाडी येत नाही."

"मग हळू पाय ठेव."

"वीस वर्षांचा पाय आहे, आता त्याला काय शिकवू? पहिल्यासारखं मऊ करा. नाहीतर आमच्या स्टँडवरची एक गाडी इकडे फिरकायची नाही."

असियामाची चूल त्याच स्टँडवर पेटत होती. तो गाडीखाली शिरला, हवा काढायचं निपल सैल केलं, मी पेडल हलवलं आणि काढलेली हवा आम्ही दोघांनी परत आत घेतली. डाबो खूश. मला मात्र लाज वाटली, आणि ती मी गिळली.

शनिवारी असियामाच्या मावशीचा अंत्यविधी होता, ओफिन्सो गावात. काळी वस्त्रं अंगाला गुंडाळून आम्ही स्टँडवर गेलो, तर नंबर डाबोच्या गाडीचा. नंबर सोडून दुसरीत कोण बसू देतो?

गावाचा उतार लागला. गाडीतल्या बाया निवांत भजनं म्हणत होत्या. असियामा एकटाच दोन्ही पायांनी गाडीचा पत्रा दाबत होता. अंत्यविधीचा मंडप दिसला.

"डाबो, थांबव."

"थांबवतोय की, मास्टर. मघापासनं."

मंडप मागे गेला. नातेवाइकांनी हात केला, आम्हीही केला. गाडी थांबली ती पार चर्चच्या पायरीपाशी.

"बघा, कुणाला धक्का तरी लागला का?" डाबो म्हणाला.

"मास्टरांचा हात लागलाय ना," मागची बाई कौतुकानं म्हणाली.

मंडपाकडे परत चालताना असियामा एवढंच म्हणाला, "वीस माणसं होती रे गाडीत."

सोमवारी त्यानं सांगून टाकलं, मऊ पेडल इथं मिळणार नाही. अख्खा स्टँड पलीकडच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे गेला. असियामाच्या कालवणात मासा आता रविवारीच दिसतो.

तरी तेच ड्रायव्हर अधूनमधून येतात, एकेकटे, इकडेतिकडे बघत. परवा डाबो आला होता.

"मास्टर, दोन दिवसांपुरतं घट्ट करून द्या. उद्या आईला गावी न्यायचंय."