गमबूटवाले मोठेबाबा

लग्नाच्या आहेरात गमबूट देणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच, आणि तो आमच्या घरात आहे. माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ. अड्याळच्या बाजारातून ते जोड आणतात आणि नवरदेवाला वगळून थेट नवरीच्या हातात देतात. एकदा मेव्हण्यांनी नवरदेवाच्या चपला समजून ते गमबूटच लपवले, तर बूट सापडेपर्यंत मोठेबाबांनी पंगत उठू दिली नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ते कुणाच्याही शेतात उभे. रोवणाऱ्या बायांचे बूट चिखलात रुततात, पाय तेवढा बाहेर येतो, बाया हसून बेजार. "भाऊजी, आमी धान रोवू का तुमचे बूट उपटू?"

"बांदीतल्या चिखलात नोका घालू. धुऱ्यावर, बांधावर गवत कापाले गेल्या का घाला. साप तेथंच राहते."

कुणाला साप चावल्याचं कळलं की ते मोटारसायकल घेऊन मांत्रिकाच्या दारात हजर होतात आणि माणसाला उचलून दवाखान्यात नेतात. मांत्रिक वैतागला, "माहे लोकं काहून पळवून राहिले?"

"जित्ते ठेवाले," मोठेबाबा म्हणाले.

त्यांची बायको, आमची मोठी आई, सहा वर्षांपूर्वी साप चावून गेली, हे गावाला ठाऊक आहे. मी सर्पदंशावरची पत्रकं वाचत, वाटत वाढलो. यंदा मी एक जळजळीत पत्रक लिहिलं : 'अडाणी नवऱ्यांनो, मांत्रिकाकडे नेऊन बायकांचे जीव घेणं थांबवा.' मोठ्या ऐटीत त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी 'अडाणी' या शब्दावर बोट ठेवलं.

"मी बारावी पास आहो, बापू. तुझ्या मोठ्या आईले मांत्रिकाकडं मीच नेलं. ते म्हणून राहिली होती, दवाखान्यात चला. मी म्हटलं, दवाखाना दूर आहे, हा जवळ आहे, जहर लवकर उतरवते. दोन घंटे तिचा हात धरून बसलो."

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी विचारलं, "मग काय लिहू?"

"जीव लावलेल्या माणसासाठी घाई होते. त्या घाईत दवाखान्याकडंच पळा, असं लिव. मी काय केलं तेही लिव. खाली माह्यं नाव टाक."

मी माझा कागद फाडला आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. आता दर बाजाराला आम्ही दोघं ते वाटतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठेबाबा खड्या आवाजात वाचून दाखवतात, 'ती म्हणाली, दवाखान्यात चला' इथपर्यंत. मग कागद माझ्या हातात देतात. पुढचं मी वाचतो.