बैलाच्या किमतीची हवा

आमच्या म्फांगानो बेटावर हवेला तोटा नाही. सरोवरावरून वारा असा येतो की छपराच्या पत्र्यांवर दगड ठेवावे लागतात. त्यामुळे ओग्वेनो आपल्या दोन पोलादी टाक्या होडीत घालून हवा भरायला निघाला, की धक्क्यावरच्या रिकामटेकड्यांना चेव यायचा.

"ओग्वेनोकाका, इथली हवा नासली का हो?"

"नासली नाही. तुझ्यासारख्यांनी तोंड लावून उष्टी केलीय," असं म्हणून ओग्वेनो होडी पाण्यात ढकलायचा.

हसणारे खुशाल हसोत. ज्याच्या घरचं माणूस बुडालं तो कधी हसला नाही. पूर्वी परदेशी लोक सरोवरातले मासे मोजायला आले होते. त्यांनी ओग्वेनोला पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं आणि जाताना त्या दोन टाक्या त्याच्या गळ्यात मारून गेले. तेव्हापासून किनाऱ्यावर कुठंही कोणी बुडालं, की निरोप्या धावत त्याच्या दारात. मेहनतीचा तो एक शिलिंग घ्यायचा नाही. हवेचे पैसे मात्र ज्यांचं माणूस त्यांनी द्यायचे. ऐकायला वाईट वाटतं, पण करणार काय? तोही जाळं टाकून पोट भरणारा. पदरमोड करून करून किती करील?

आणि ती हवा म्हणजे नुसता ताप हो! टाक्या जाड पोलादाच्या, त्यात हवा ठासून भरायची. समोरच्या किनाऱ्यावरच्या लॉजमध्ये एक मशीन होतं, पण ते म्हातारं. टाकी अर्धी भरली की धापा टाकून बसायचं. काठाजवळ बुडालेल्याला शोधायला अर्धी टाकी पुरायची. पूर्ण भरायची तर थेट किसुमू शहर गाठावं लागायचं. आधी होडी, मग खच्चून भरलेली वडापची मटाटू. तिचा कंडक्टर टाक्या बघून कानावर हात ठेवायचा. "बॉम्ब आहे तो! टपावर टाक, नाहीतर उतर खाली." टाकीचं भाडं माणसाइतकं. किसुमूला दर दुप्पट, आणि तपासणीचा शिक्का जुना झाला असेल तर त्याचे वेगळे. एवढं करून दोन टाक्या भरेस्तोवर माणसाच्या नाकी नऊ यायचे.

हे काम ओग्वेनोनं का धरलं ते बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. तो लहान असताना त्याचा बाप रादिंग पाणकावळ्यांच्या खडकापाशी बुडाला. होडी सापडली, वल्हं सापडलं, माणूस काही सापडला नाही. आमच्यात असं झालं की देहाऐवजी यागोचं फळ पुरतात. यागोच्या झाडाला लांबट, जड फळं लोंबतात, तान्ह्या पोराएवढी. त्यातलं एक तोडायचं, गेलेल्याच्या कपड्यात गुंडाळायचं, त्याच्या नावानं रडायचं आणि अंगणात मातीआड करायचं. रादिंगच्या नावानं तसंच पुरलं. सगळे रडले, त्याची बायको आओको रडली नाही. "झाडाचं फळ आहे ते," एवढंच म्हणाली. त्या रात्रीपासून तिनं दाराला आतून कडी घातली नाही. पाऊस आत आला, कुत्र्यांनी मासळी पळवली, लोकांनी वेडी म्हटलं, तरी नाही. पुढं ती म्हातारी झाली, डोळे गेले. पोरगा पाण्यातून घरी आला की तिचा एकच प्रश्न असायचा.

"तुझा बाप दिसला का रे?"

"आज तिकडं गेलो नव्हतो, आई."

खोटं नव्हतं ते. तो तिकडं कधीच गेला नाही. टाकीतली हवा दुसऱ्याच्या पैशांची, दुसऱ्याच्या दुःखाची. त्यातला एक श्वास आपल्या बापासाठी घेणं त्याला चोरीसारखं वाटायचं. स्वतःच्या पैशानं भरून आणावी, तर पोरांची शाळा, फाटलेली जाळी, आईचं औषध. हवेपुरते पैसे हातात कधी राहिलेच नाहीत.

त्या वर्षी अपोंदीचा ओमुगा बुडाला. अपोंदी विधवा, हा एकुलता एक. वाऱ्यानं होडी उलटली, बाकीचे पोहून आले, ओमुगा जाळ्यासकट गेला. बुडालेला माणूस दोन-तीन दिवसांत आपणहून वर येतो. ओमुगा आला नाही. म्हणजे जाळ्यात गुरफटून तळाशी अडकला, हे सगळ्यांनी मनोमन ओळखलं. तिथलं पाणी खोल. ओग्वेनो लॉजवरच्या अर्ध्या टाक्या घेऊन दोनदा उतरला. तळाच्या गाळाला हात लागतो न लागतो तोच टाकीतल्या हवेचा काटा खाली यायचा, आणि त्याला परत फिरावं लागायचं.

अंगणात रडायला आलेली माणसं वाढत होती. ओमुगाचा चुलता ओन्दिएक घराण्यातला वडीलधारा. त्यानं माणूस पाठवून यागोचं फळ तोडून आणवलं. आंब्याखाली मयताच्या जेवणाचा बैल बांधलेला होता. आलेल्यांना बैलाचं मटण घातलं नाही, तर आमच्यात घराण्याचं नाक कापलं जातं.

फळ बघून अपोंदी उठली आणि ओग्वेनोसमोर येऊन उभी राहिली.

"खरं सांग. टाकी पूर्ण भरलेली असली तर पोचशील?"

"पोचेन, मावशी. सापडेलच असं छातीठोक नाही सांगत."

"चालेल." ती ओन्दिएककडे वळली. "दादा, बैल विका."

ओन्दिएक उसळला. "डोकं फिरलंय का तुझं? एवढी माणसं आलीत, त्यांच्या ताटात काय हवा वाढू?"

"माझा लेक पाण्यात आहे आणि तुम्हाला मटणाची पडलीय? माझ्या गोठ्यातला बैल आहे. फळाला मी ओमुगा म्हणणार नाही. जीव गेला तरी नाही."

"उद्या दुपारपर्यंत थांबतो," ओन्दिएक म्हणाला. "मग फळ पुरणार. मेलेल्याला किती दिवस ताटकळत ठेवायचं?"

बैल विकला गेला. ओग्वेनो टाक्या घेऊन किसुमूला पोचला तेव्हा हवा भरणारा दुकान आवरायच्या घाईत होता.

"झटपट भरून देतो, म्हाताऱ्या. शेवटची गाडी मिळेल तुला."

"नको. घाईनं भरलीस की टाकी तापते, काटा टाकी भरल्याचं दाखवतो, आणि थंड झाली की पाव हवा गायब. पिंपात पाण्यात उभी कर आणि हळू भर."

"गाडी जाईल."

"जाऊ दे."

टाक्या भरल्या, पण गाडी गेली. ओग्वेनो स्टँडवरच टाक्यांना पाठ टेकून बसला. आपण पोचायच्या आत फळ पुरलं तर? एकदा माती पडली की ओन्दिएक परत उकरू देणार नाही. मग अपोंदीचा बैलही गेला आणि लेकही. आणखी एक दार कडीवाचून राहणार.

दुसऱ्या दिवशी होडी बेटाला लागली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात खड्डा तयार होता. ओमुगाच्या शर्टात गुंडाळलेलं फळ काठावर ठेवलेलं. आणि अपोंदी खड्ड्यात पाय सोडून बसली होती.

"मला आधी पुरा, मग तुमचं फळ," ती सांगत होती. ओन्दिएक कपाळाला हात लावून नुसता उभा होता.

ओग्वेनो तसाच होडीतून ओमुगा बुडाला त्या जागी गेला आणि एक टाकी पाठीला बांधून उतरला. खाली काळोख. तो गाळावरून हातांनी चाचपत गेला. बराच वेळ गाळ, शिंपले, पुन्हा गाळ. मग बोटांना दोरी लागली, दोरीमागून जाळं, आणि जाळ्यात एक हात. त्यानं तो हात धरला. "चल पोरा, आई वाट बघतेय," असं तो मनात म्हणाला. जाळ्याला दोर बांधून तो सावकाश वर आला, तेव्हा काटा तळाला टेकला होता.

मागोमाग होडीतून माणसं आली होती; दोर ओढायला पहिला हात ओन्दिएकचा लागला. ओढता ओढता म्हातारा लहान मुलासारखा हुंदके देत होता. खड्डा घाईत आखूड खणलेला. तोही त्यानंच फावडं घेऊन लांब केला. जेवणात मक्याच्या पिठाची उगाली आणि सुक्या ओमेना मासळीचं कालवण. एक पाहुणा कुरकुरलाच, मयत झालं आणि मटणाचा तुकडा नाही म्हणून. ओन्दिएक त्याच्यावर खेकसला, "बैलानंच पोराला ओढून वर आणलं. आणखी काय खायचंय तुला?"

माणसं पांगल्यावर ओग्वेनो दुसरी टाकी घेऊन अपोंदीकडे गेला.

"मावशी, ही उरली, भरलेली आहे. लॉजवाले विकत घेतील."

"माझ्या बैलाची हवा ना ही? मग मी सांगते तिथं जाईल. तू तुझ्या बापाकडे जा."

"इतक्या वर्षांनी काय राहिलं असणार तिथं?"

"ते तुला कळतं, मला कळतं. तुझ्या आईला कोणी सांगितलंय? तू तिला रोज सांगतोस, गेलो नव्हतो. म्हणजे ती काय समजणार? पोरगा गेला असता तर बाप दिसला असता!"

ओग्वेनोला तोंडात मारल्यासारखं झालं. तो मान खाली घालून टाकी उचलायला वाकला.

पाणकावळ्यांच्या खडकापाशी तो सकाळी उतरला. घाई केली नाही. खडकाची प्रत्येक कपार हातांनी तपासली, गाळ उपसला, दगड उलथे केले. नसणार हे ठाऊक असूनही दर दगडाखाली तो पुन्हा एकदा हात घालायचा. पाण्याखाली रडता येतं हे त्याला त्या दिवशी कळलं. टाकी रिकामी होईपर्यंत तो शोधत राहिला, आणि अगदीच नाइलाज झाला तेव्हा वर आला.

आओको दारात बसली होती. ओल्या कपड्यांचा वास आला तशी तिनं मान वर केली.

"तुझा बाप दिसला का रे?"

"तिकडं गेलो होतो, आई."

म्हातारीनं हात पुढं करून त्याची ओली बाही धरली.

"नाही दिसले," ओग्वेनो म्हणाला. "सगळीकडे बघितलं. नाहीत ते तिथं."

"नीट बघितलंस?"

"टाकीतली हवा संपेपर्यंत बघितलं."

मग खांद्यावरच्या फडक्यानं तोंड झाकून ती रडली. फळ पुरलं त्या दिवशी रडायची राहिली होती, तेवढं सगळं रडली. ओग्वेनो तिच्या पायाशी बसून राहिला. संध्याकाळी ती भिंतीचा आधार घेत उठली, चाचपडत आत गेली आणि अंथरुणावर पडली.

"ओग्वेनो," तिनं आतून हाक मारली, "दाराला कडी घाल, पोरा. गार वारा येतोय."