तिसऱ्या कडव्याआधीचा खोकला

हे मी लिहीत नाहीये, माझ्याकडून लिहवून घेतलं जातंय. आधीच सांगून ठेवतो. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम यंदा भिडे नावाच्या पोराकडे आहे. पुण्याचा, आयटीतला, व्हिसावर कॉव्हेंट्रीला आलेला. तीन रविवार घरी येऊन चकल्या खाऊन गेला. "काका, तुम्ही ते चर्चमध्ये गाता ना, त्याचे किस्से लिहा. लोकांना काहीतरी वेगळं पाहिजे."

म्हटलं, अरे, मी चौथी नापास माणूस. फाउंड्रीत लोखंड ओतण्यात जन्म गेला.

"चालेल हो, शुद्धलेखन मी बघतो!"

शुद्धलेखन बघतो म्हणे. चकलीचा तुकडा मिशीला लागलाय ते आधी बघ!

तर किस्से. एकाच बाकावर इतकी वर्षं बसलं की ते साचतातच. इथल्या पाण्यानं केटलला पांढरा थर चढतो ना, तसं. रोज आपण नुसतं पाणीच उकळत असतो, आणि एक दिवस आत डोकावून बघावं तर हा एवढा जाड थर!

आमचं चर्च मेनोनाइट. म्हणजे काय, ते मलाही आत गेल्यावरच कळलं. लढाईला न जाणारे, शपथ न घेणारे, साधे लोक. माणसं सगळी मिळून चाळीसच्या आत. पण यांची खरी ओळख म्हणजे गाणं. वाद्य नाही. ऑर्गन नाही, पियानो नाही, पेटी नाही. नुसते गळे. बायका वरचे दोन सूर धरतात, पुरुष खालचे दोन. मी बेस, म्हणजे सगळ्यात खालचा. इमारतीचा तळमजला म्हणा.

*

मी नगरकडचा. आमच्या गावच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) पेटी, ढोलकी, टाळ असल्याशिवाय उपासना सुरू व्हायची नाही. इथे पहिल्या रविवारी गेलो तर पुढे काहीच नाही. शेजारी हॅरल्ड नावाचा धिप्पाड म्हातारा बसला होता. त्याला विचारलं, "पेटीवाला आजारी आहे का?"

तो म्हणाला, "पेटी आपणच."

मला वाटलं, गरीब चर्च आहे, वाद्यं परवडत नसतील. पुढच्या रविवारी मी घरून टाळ घेऊन गेलो. दुसऱ्या कडव्याला असे दणकून वाजवले की विचारू नका! सगळं चर्च गप्प. कुणी रागावलं नाही, मेनोनाइट रागावत नाहीत. पुढच्या बाकावरची एक म्हातारी तेवढी उठली, कोट घातला, पर्स उचलली आणि पाळकांना म्हणाली, "आज जेवणाची घंटा लवकर झाली वाटतं?"

*

यांच्यात एक पद्धत आहे. उपासनेच्या सुरुवातीला कुणीही बाकावरून गाण्याचा नंबर सांगायचा, की सगळ्यांनी ते गायचं. एकदा नंबर उच्चारला की तो परत घेत नाहीत. कुणी नाही म्हणत नाही.

मला वर्षभर धीर झाला नाही. मग एका रविवारी ठरवलं, आज सांगायचंच. माझ्या आवडीचं आनंदाचं एक गीत आहे, नंबर लहानपणापासून पाठ. उभा राहिलो आणि ठणठणीत आवाजात नंबर सांगितला.

आता तो नंबर होता आमच्या मराठी पुस्तकातला. यांच्या पुस्तकात त्या नंबरावर निघालं मयताचं गाणं! त्या दिवशी नेमका एका जोडप्याचा साखरपुडा जाहीर झाला होता. ती दोघं पहिल्या बाकावर, हातात हात. पण नंबर निघाला तो निघाला. सहाच्या सहा कडवी, चारही सुरांत, कबर, माती, सगळं म्हटलं. मी सोडून कुणाच्या कपाळावर आठी नाही.

बाहेर पडताना नवरदेवानं माझा हात हातात घेतला. म्हणाला, "थँक यू, सॅम. निदान तुम्ही तरी आधी सावध केलंत."

*

माझं नाव शमुवेल, पण इथे सगळे सॅमच म्हणतात. आणि मला ते कागदावरचे सूर वाचता येत नाहीत. काळ्या मुंग्या चालल्यासारख्या दिसतात. मग बेस शिकलो कसा? हॅरल्डच्या खांद्यानं. माझा खांदा त्याच्या खांद्याला टेकवायचा. तो गायला लागला की त्याच्या छातीतून सूर सरळ माझ्या हाडात यायचा, आणि तोच मी तोंडातून काढायचो. तो वर गेला की मी वर, तो खाली आला की मी खाली.

तिसऱ्या कडव्याच्या आधी बेसवाल्यांना दोनदा खोकायचं असतं, हेही मी तसंच शिकलो. "खॅक्, खॅक्" आणि मग तिसरं कडवं. मला वाटलं त्या मुंग्यांत लिहिलेलं असेल. नऊ वर्षं मी इमानदारीनं खोकलो. माझं बघून शेजारचे दोघं खोकायला लागले. मग बायकोनं, सुवार्तानं, एक दिवस विचारलं, "अहो, तो हॅरल्ड विडी ओढतो, त्याला खोकला येतो. तुम्ही का खोकता?"

तोवर सवय लागून गेली होती!

हॅरल्ड दवाखान्यात होता तेव्हा भेटायला गेलो. त्याची जागा बेसच्या बाकावर अगदी कडेला होती, किचनच्या भिंतीला लागून. ती जागा म्हणजे बेसचा खुंटा. तिथे बसणारा सूर धरतो, बाकीचे त्याला धरतात. हॅरल्ड म्हणाला, "सॅम, माझी जागा तू घे. आणि हलू नकोस."

त्याच्या मयताला दोन कडवी कशीबशी झाली. तिसऱ्याच्या आधी आम्ही अख्खा बाक खोकलो. त्याच्या बायकोला रडता रडता हसू फुटलं. तेव्हापासून मी त्या जागेवर आहे. हललो नाही. मधले चार रविवार सोडून. ते सांगतोच.

*

त्याआधी भजनाचं सांगून टाकतो. नवं शतक लागलं त्या सुमाराला सगळे मागे लागले, सॅम, तुझ्या गावचं एक भजन शिकव. शिकवलं. आमच्याकडे ते तीन मिनिटांत उडवतात, शेवटी तर ढोलकी नुसती पळत सुटते. यांनी त्याचे चार सूर पाडले, ओळीओळीला श्वास घेतला, आणि एका रविवारी उभं राहून असं संथ गायलं की अकरा मिनिटं झाली तरी दुसरंच कडवं.

सुवार्ताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या. "गावाची आठवण आली का?"

ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "अहो, घरी गॅसवर मटण ठेवलंय!"

*

आता ब्रायन. ब्रायन शाळेत संगीत शिकवायचा, रिटायर होऊन आमच्याकडे आला आणि गाणं चालवायला लागला. लोखंडाचा एक छोटा चिमटा असतो त्याच्याकडे. गुडघ्यावर आपटायचा, कानाला लावायचा, त्यातून सूर ऐकायचा आणि आम्हाला द्यायचा. गाणं संपलं की पुन्हा आपटून बघायचा, आम्ही सुरात राहिलो का घसरलो. माणूस वाईट नाही. पण त्या चिमट्यावर त्याचा जेवढा विश्वास, तेवढा माणसांवर नाही.

त्याच वर्षी कमिटीनं किचनमध्ये नवा फ्रिज आणला. जुना फार म्हातारा झाला होता. दूध नासायचं, दार दोरीनं बांधावं लागायचं. तो काढून मागच्या शेडमध्ये टाकला, कौन्सिलची गाडी येऊन नेईल म्हणून.

आणि पुढच्या रविवारपासून गाणं बसायला लागलं. बसायला म्हणजे, पहिल्या कडव्याला जिथे सुरू केलं, चौथ्याला त्याच्या पार खाली. आम्ही बेसवाले तर जमिनीखाली गेलो, नुसता गुरगुराट! ब्रायननं चिमटा आपटला, कानाला लावला, आणि सगळ्या चर्चमधून त्याची नजर फिरत फिरत येऊन थांबली माझ्यावर.

दोन रविवार असेच गेले. मग प्रॅक्टिसला सगळ्यांच्या देखत म्हणाला, "सॅम, बेस खाली ओढला जातोय. तुमचं वयही झालंय. फॉर अ फ्यू वीक्स आवाजाला विश्रांती द्या. किचनमध्ये चहाला मदत होईल."

इंग्रजाचं फॉर अ फ्यू वीक्स म्हणजे काय, ते मी फाउंड्रीत पाहिलंय. ज्यांना ज्यांना असं सांगितलं ते परत आले नाहीत. मी तिथेच उठलो. म्हटलं, "हॅरल्डनं हलू नकोस म्हटलं होतं. हलवतोयस तू, लक्षात ठेव."

पुढच्या रविवारी मी किचनमध्ये कप पुसत उभा. बाकाची कडेची जागा रिकामी. नात रूथ, इथेच जन्मलेली, चर्चकडच्या खिडकीतून डोकं घालून म्हणाली, "आजोबा, तुमचा जागा कोणी घेतला?" मी एक कप फोडला. सुवार्तानं तुकडे भरले.

आणि गाणं? तसंच बसत होतं! मी नव्हतो, तरी चौथ्या कडव्याला तळघरात. ब्रायन चिमटा आपटतोय, कपाळ पुसतोय, पण माझ्याकडे बघतोय कुठे?

तिसऱ्या रविवारी कप पुसता पुसता एकदम डोक्यात आलं. किचन फार शांत आहे. हा नवा फ्रिज आवाजच करत नाही. आणि जुना? तो तर अखंड घुंऽऽऽ करायचा. कुठे? हॅरल्डच्या जागेमागे, भिंतीला चिकटून! म्हणजे इतकी वर्षं आम्ही वाद्याशिवाय गातो म्हणून मिरवत होतो, आणि मागे तंबोरा चालूच होता!

शनिवारी मी आणि सुवार्ता शेडमध्ये गेलो. कौन्सिलची गाडी आली नव्हती, देवाची कृपा आणि कौन्सिलचा आळस. जुना फ्रिज ट्रॉलीवर घालून किचनमध्ये आणला, भिंतीला लावला, प्लग घातला.

"अहो, दूध नासेल ह्यात," सुवार्ता म्हणाली.

"नासू दे."

रविवारी चारही कडवी झाली. ब्रायननं चिमटा आपटला, कानाला लावला. पुन्हा आपटला. चेहरा असा उजळला! दोन्ही हात वर करून म्हणाला, "आज आपल्यात पवित्र आत्मा होता!"

मी किचनची खिडकी सरकवली. म्हटलं, "आत्मा नाही. फ्रिज!"

सगळ्यांनी येऊन भिंतीला कान लावून ऐकलं. पाळक हसता हसता खाली बसले. पुढच्या रविवारी मी कुणाला न विचारता जाऊन माझ्या जागेवर बसलो. ब्रायननं मान हलवली, पान सांगितलं, सूर दिला. जुन्या फ्रिजला हात लावू नये अशी कमिटीकडून चिठ्ठी चिकटवून घेतली. पण मला? सॉरीचा एक शब्द नाही.

*

शुभ शुक्रवाराच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या संध्याकाळी आमच्यात एकमेकांचे पाय धुतात. जोडी ठरवायची नसते. बाकावर ज्याच्या शेजारी जो येईल त्याची जोडी. इनॅमलची परात, कोमट पाणी, टॉवेल. बाकीचे बसल्या जागी हळू गात राहतात. पाय धुवून झाले की दोघांनी उभं राहून गळाभेट घ्यायची, आणि मनात काही असेल तर ते तिथेच मिटवायचं. तशी शिस्तच आहे.

आणि माझ्या शेजारी आला कोण? ब्रायन!

बायकांच्या बाजूनं सुवार्तानं मला खूण केली. आज म्हणतोय बघा.

ब्रायन गुडघ्यावर बसला. त्याचे गुडघे कडाकडा वाजले. माझे सॉक्स काढले, पाय परातीत घेतले आणि धुतले. वरवर नाही, बोटांच्या बेचक्यांतून, टाचेच्या भेगांतून, सावकाश. फाउंड्रीत भाजल्याचा डाग आहे घोट्यावर, तिथे जरा थांबला. माझ्या आईनंतर माझे पाय असे कुणी धुतले नव्हते. मी वाट बघतोय. तो बोलत नाही.

मग मी त्याचे धुतले. नीट धुतले, खोटं कशाला सांगू.

दोघं उठलो. गळाभेट घेतली. त्यानं तोंड माझ्या कानाजवळ आणलं. मी म्हटलं, आता आलं!

"सॅम," तो म्हणाला, "तो तिसऱ्या कडव्याआधीचा खोकला. जरा टाळता येईल का?"

मी खाली बसलो, शेजारी तोही. ओले पाय तसेच. दुसरं कडवं संपत आलं होतं. म्हटलं, ठीक आहे. नाही खोकत. ओठ घट्ट मिटून घेतले. पलीकडचे ते दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी नाही म्हणून तेही नाहीत. दुसरं कडवं संपलं. किचनमधून घुंऽऽऽ तेवढं ऐकू येत होतं. कुणी तिसरं सुरूच करेना. सगळं चर्च थांबलेलं.

आणि माझ्या शेजारून, खाली मान घालून, कुणीतरी दोनदा खोकलं. खॅक्, खॅक्.

तिसरं कडवं सुरू झालं.

भिडे, हे जसंच्या तसं छाप, आणि एक अंक त्याला पाठव. मराठी येत नसलं तरी रूथ इंग्रजीत समजावून सांगेल. खोकल्याला मी सॉरी धरत नाही, ब्रायन!