कौसाबाईची खुंटी

माझ्या फील्डवहीतली नोंद : २० सप्टेंबर, शनिवार. काम – पूर ओसरल्यावर गोदाकाठच्या सळ्यांचं रीडिंग घेणे.

आधीच सांगते, अंगात येणं, नजर लागणं, करणी... यातलं मी काहीही मानत नाही. जालन्यातल्या एका कॉलेजच्या भूगोल विभागात मी बारा वर्षं फील्ड असिस्टंट आहे. मोजणं हेच माझं काम. घनसावंगी तालुक्यात गोदावरीचा एक काठ दरवर्षी ढासळतो. त्याच्या उभ्या कडेत आम्ही लोखंडी सळ्या आडव्या ठोकल्या आहेत. माती पडून सळई जेवढी उघडी दिसेल तेवढा काठ गेला. साधी गोष्ट.

तिथेच कौसाबाईचा ऊस आहे. बाई माझ्याच वयाची, पन्नाशीची. तिच्या घरात एक रीत आहे : पोळा झाला की गोठ्यातली जुनी खुंटी उपटायची आणि काठापासून थोडं आत, शेतात ठोकायची. यंदा नदी इथवरच येणार, असं धरायचं.

"जनावर कितीबी उंडारलं तरी आपल्या खुंटीपाशी येऊनच थांबतंय," ती म्हणते. "नदीचं बी तसंच."

आणि नदी थांबायची! वर्षानुवर्षं, खुंटीच्या हातभर अलीकडे. मी त्याला योगायोग म्हणायचे. आमचे विभागप्रमुख सर मात्र खूश. सेमिनारमध्ये पहिला फोटो कौसाबाईच्या खुंटीचा. माझी बारा वर्षांची रीडिंग शेवटच्या तक्त्यात, तीही माझ्या नावाशिवाय. शेतात पाऊल टाकलं की सर आधी तिला विचारणार, "काय कौसाबाई, यंदा किती?"

"मॅडमला इचारा की," ती माझ्याकडे बघून म्हणायची. "टेप घिऊन कवाच्या मोजून राह्यल्या."

सर खदखदून हसायचे. मला हसू यायचं नाही. खरं सांगायचं तर मी जळायचे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मी एकटीच रीडिंगला गेले होते. भर दुपार, कौसाबाई बाजाराला गेलेली. तिची खुंटी उसाला पाणी देणाऱ्या बोअरच्या अलीकडे, म्हणजे नदीच्या बाजूला, चार पावलांवर होती. मी ती उपटली आणि बोअरच्या पलीकडे आठ पावलं आत नेऊन ठोकली. जुनं भोक टाचेने दाबून टाकलं. नदी नेहमीसारखी येईल तिथवर येईल, खुंटी खूप मागे राहील, आणि सर एकदा तरी म्हणतील, "कौसाबाई, यंदा चुकलं तुमचं." एवढंच हवं होतं मला. कुणाला काही सांगितलं नाही.

मग धरणातून पाणी सोडलं. ते ओसरल्यावर, वीस तारखेला, सर आणि मी गेलो.

वरच्या अंगाला काठ जेमतेम वीतभर गेला होता. खालच्या अंगालाही तेवढाच. फक्त कौसाबाईच्या शेतात नदी आत घुसली होती... भाकरीचा घास तोडावा तशी. माझ्या सळ्या मातीसकट गेल्या होत्या. बोअरचा केसिंग पाइप उघडा पडून काठाबाहेर उभा, मोटारीची वायर लोंबकळत होती. आणि खुंटी? अगदी कडेवर. मी टेप लावला. हातभर अंतर.

"वा! यंदाही बरोबर!" सर मोबाइल काढत म्हणाले. "कौसाबाई, मानलं तुम्हाला. जरा खुंटीजवळ उभ्या राहा बरं."

लाज वाटते, पण लिहिते – त्या क्षणीही मला आधी झोंबला तो फोटो. बोअर नंतर दिसला.

कौसाबाई फोटोला उभी राहिली नाही.

"सर, म्या काय येडी हाय का? माझ्याच बोअरवर नदीला बोलवीन?" ती म्हणाली. "खुंटी बोअरच्या अलीकडं होती. बराबर ध्यानात हाय माझ्या."

"पुरात सरकली असेल," सर म्हणाले.

"सरकून चढावर आल्ती?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घातलं.

परतताना जीपमध्ये सर सांगत होते : जमिनीत वाळूचा थर असेल, पाणी झिरपलं असेल, एखाद्या ठिकाणी काठ जास्त जातोच. पटण्यासारखं आहे. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. पण वाळूचा थर हातभर अंतर राखून थांबतो कसा, आणि तेही मी चोरून ठोकलेल्या लाकडापाशी... याचं उत्तर तेव्हा नव्हतं, आजही नाही. खुंटीमुळे झालं असं मी म्हणत नाही. नाही झालं असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने एकटी गेले. कौसाबाई काठावर वायर गुंडाळत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं – खुंटी मी हलवली, आणि का हलवली तेही.



"माझ्यावर जळता तुमी?" वायरचा वेढा घालत तिने विचारलं. "तुमाला पगार हाय, साडीला चिखल लागत न्हाई. अन् माझ्यावर?"

"हो."

"उसाला पाणी कुठून देऊ आता?"

तिने खुंटी उपटली आणि हातोड्यासकट माझ्यापुढे धरली.

"धरा. माझ्यापरीस तुमचं जास्त ऐकून राह्यली नदी. पावसाळा अजून सरला न्हाई. ठोका तुमीच."

मी टेप काढला नाही. कडेपासून दोन पावलांवर बसले आणि खुंटी मातीला लावली.

"अजून पुढं, मॅडम," कौसाबाई मागून म्हणाली. "नदीला आता दोन पावलं बी द्यायची न्हाईत."

मी सरकले. गुडघ्याखालची माती भुसभुशीत होती, खाली पाणी दिसत होतं.

"अजून."

अगदी कडेवर खुंटी टेकवली आणि पहिला घाव घातला.